पीस हललं पाहिजे

२ डिसेंबर

चि. फुंकर हिला, तिच्या दारवाल्या मामाचे भरभरून आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी भलतंच ऐकतो, म्हणून हे पत्र. दारांच्या कारखान्यात, तपासणीच्या थंड खोलीच्या कॉम्प्रेसरशेजारी जन्म गेला, कानांनी माझ्याआधी निवृत्ती घेतली. हात मात्र शाबूत आहेत, आणि तेच सांगायला लिहायला बसलोय. तुझ्या मामीच्या कोंबड्यांना मी नवं खुराडं बांधलं!

मामी पाय मोडल्यापासून तिच्या बहिणीकडे आहे, हे तुला माहीत आहेच. सहाही कोंबड्या आल्या माझ्या गळ्यात. निघताना तिनं माझा हात धरून बजावलं, "माझ्या पोरी मला सगळ्याच्या सगळ्या परत पाहिजेत." मी म्हटलं, अगं परत काय, दुप्पट वजनाच्या देतो. मग परसात जाऊन ते जुनं खोकं नीट बघितलं. फळीफळीत फट, छप्पर एका अंगाला उचललेलं, वारा बिनधास्त ये-जा करतोय. जन्मभर कोल्ड स्टोरेजची दारं केलेल्या माणसाच्या परसात ही असली वस्तू! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एका सकाळी मोडून टाकलं.

आता नवं ऐक. भिंतींना दुहेरी फळी, मधे फोम. छपरालाही तसंच. दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी, अस्सल, आपल्या कारखान्याची. दार ओढलं की खटका आपोआप बसतो आणि 'थप्प' असा आवाज येतो. त्या आवाजासाठी मी परवा दार उगाचच चारपाच वेळा लावलं. पिसाची परीक्षाही घेतली. दोऱ्याला कोंबडीचंच मऊ पीस बांधून सगळ्या सांध्यांवरून फिरवलं. तसूभर हललं नाही.

इथे पहाटे नळ गोठतोय, पण आत काय ऊब आहे म्हणून सांगू! खिडकीच्या काचेवर आतून पाण्याचे मोती जमतात. आणि गंमत म्हणजे, आत डोकं घातलं की थेट आपल्या मशीनघराचा वास येतो. नाक चुरचुरतं आणि वाटतं, भोंगा झाला, आता पाळी सुरू होणार. खरं सांगतो, मन भरून येतं.

दारावर माझी खूण कोरली, तोच आपला त्रिकोण. शेजारची जागा तपासणाऱ्याची असते. दुसऱ्याची खूण पडल्याशिवाय आपल्याकडे माल बाहेर जात नसे. पण आता तपासायला कोण आहे? कारागीर मी, तपासनीसही मीच. दोन्ही खुणा मीच मारून मोकळा झालो.

मामीला अवाक्षर बोलू नकोस. ती आली की हाताला धरून दाखवणार आहे.

तू काय करतेस? अजून त्या भुयारी स्टेशनात हवेसाठी भोकंच पाडतेस ना? आम्ही जन्मभर भोकं बुजवली आणि घराण्यात निपजली ही!

तुझा मामा


८ डिसेंबर

ती. मामांना, पंख्याच्या घरघरीतून फुंकरीचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या पंखेवाल्या पोरांना सांगितलं, हा माझा मामा, ह्याच्या दारातून मुंगीलाच काय, मुंगीच्या श्वासालाही वाट नाही. दुहेरी फळी आणि मधे फोम! कोंबड्यांनी कुठलं पुण्य केलं होतं कोण जाणे.

पण दोन ठिकाणं मी मागे जाऊन पुन्हा वाचली.

काचेवरचे मोती, मामा. ते ऊब असल्याचं लक्षण नाही, आतली ओल बाहेर जात नसल्याचं आहे. सहा जणी रात्रभर श्वास सोडतात, खाली घाण पडते, तिचीही वाफ होते. ती सगळी तुमच्या पक्क्या भिंतींमधे कोंडलीय. कोंबडीला थंडी फार बाधत नाही, तिची रजई तिच्या अंगावरच असते. पण ओली थंडी तिला बाधते. आधी तुरा जातो, मग छाती भरते.

आणि तो वास. मशीनघराचा वास येतो म्हणालात. मशीनघरात गारवा करायला कुठला वायू होता? अमोनिया. कोंबड्यांच्या घाणीतूनही तोच सुटतो. तुम्हाला त्या वासानं नोकरी आठवते, पण कारखान्यात तो वास आला की तुम्ही काय करायचात? मी पाच-सहा वर्षांची असताना तुम्हीच शिकवलंत. वास आला की आधी घंटा, मग दारं सताड उघडी, मग बाकीचा विचार.

मामा, मी इथून घंटा वाजवतेय असं समजा. मामीची लाडकी कोंबडी बाईसाहेब शिंकतेय का? कुणाच्या तुऱ्याचं टोक काळं पडलंय का? एवढं बघून लगेच कळवा. वर छपराखाली हवेला वाट करावी लागेल. मी नकाशा काढून पाठवते.

तुमची फुंकर


१३ डिसेंबर

चि. फुंकर हिला आशीर्वाद, पण आज जरा हात आखडून.

माझं एकही दार आजवर परत आलेलं नाही. लोकांनी त्यांच्यामागे डोंगराएवढा माल ठेवला आणि निर्धास्त झोपले. आणि माझी भाची मला सांगते की माझ्या परसातलं खुराडं मी फार चांगलं केलं, हाच त्याचा दोष! इतक्या लांबून सल्ले देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. इथे तर शेळ्याही नाहीत, कोंबड्या आहेत.

जी ऊब मी फळी-फळी जोडून राखली, ती छपराला भोकं पाडून आभाळाला वाटू? माझ्या हातून नाही व्हायचं ते.

बाईसाहेब शिंकते, पण तिला पहिल्यापासून नखरे फार. मामीनं लाडावून ठेवलीय. तुऱ्याच्या टोकाला थोडं काळं दिसतं, ते कुठेतरी घासलं असेल. चोंबडी जरा गप्प आहे, तिनं गप्प बसावं अशी माझी कधीपासूनची इच्छा होतीच. बाकी सगळ्या ठणठणीत.

तरी तू रडशील म्हणून दोन भोकं पाडली आहेत. समोरासमोरच्या भिंतींना, एक-एक, बसायच्या दांडीच्या अगदी बरोबरीनं, म्हणजे हवा थेट त्यांनाच मिळेल. झालं समाधान?

तुझा मामा


१८ डिसेंबर

ती. मामांना नमस्कार. रागावलात तरी पत्र पुरतं वाचा, एवढंच मागणं.

ती दोन भोकं आजच बुजवा! आजारापेक्षा इलाज भयंकर झालाय. दांडीच्या उंचीवरून वारा आरपार गेला तर तो रात्रभर झोपलेल्या कोंबडीच्या अंगावरून जाणार. पिसं फुगवून ती जी ऊब धरते ती तो उडवून नेतो. म्हणजे आता ओलही आहे आणि झोतही. मी मामीला काय तोंड दाखवू?

हवा बदलायला हवी, पण कोंबडीला ती कळता कामा नये. माझ्या स्टेशनातही तेच आहे. गाडीखाली तापलेली हवा वरच्या वर निघून जायला हवी आणि फलाटावर उभ्या असलेल्या बाईचा पदरसुद्धा उडता कामा नये. गरम, दमट हवा आपण होऊन वर चढते. तिला वरच दार द्यायचं. दोन्ही लांब बाजूंना, अगदी वळचणीखाली, कोंबड्यांच्या डोक्यापासून चांगलं वर. एका कोंबडीमागे फूटभर लांब आणि फूटभर रुंद एवढी मोकळी जागा धरा. निम्मी पुढे, निम्मी मागे. बोका आणि घूस शिरू नये म्हणून बारीक जाळी. पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरून उतरती झडप. वादळ आलं तर वाऱ्याकडची बाजू बंद करा, पण दोन्ही बाजू एकदम कधीच नाही. नकाशा सोबत आहे.

आणि मामा, हे उंटावरून नाही सांगत. तुम्ही मला कारखान्यात न्यायचात, तेव्हा ते पीस मीच धरायचे. माझे हात लहान, कोपऱ्यात जायचे. सगळेजण श्वास रोखून उभे असायचे आणि मी म्हणायचे, "नाही हललं!" मग तुम्ही मला उचलून घ्यायचात. हवेकडे बघायला मी तिथे शिकले. इथे कुणी विचारलं की मी सांगते, माझं शिक्षण एका पिसावर झालंय.

तेव्हा तुमचीच परीक्षा घ्या. एक पीस छपराखाली टांगा, एक दांडीपाशी. वरचं हललं पाहिजे आणि खालचं गप्प राहिलं पाहिजे. त्याआधी एकदा दांडीएवढ्या उंचीला डोकं नेऊन, दार लावून, आत बसून बघा. उभं राहून वास घेऊ नका. कोंबडी उभ्यानं श्वास घेत नाही.

तुमची फुंकर


६ जानेवारी

ती. मामांना नमस्कार.

नकाशा पोचला का? राग असेल तर रागाचं पत्र पाठवा, मी तेही जपून ठेवीन. पण हे गप्प राहणं सोसवत नाही. बाईसाहेब कशी आहे, एवढं एका ओळीत कळवा.

फुंकर


१४ जानेवारी

चि. फुंकर हिला आशीर्वाद. आज हात अजिबात आखडलेला नाही.

गप्प होतो कारण तुझा नकाशा कपाटावर ठेवून रोज त्याच्याकडे पाठ करून चहा पीत होतो. मग एका सकाळी बाईसाहेब दांडीवरून उतरलीच नाही. मी दाणे वाजवले, नावानं हाक मारली, तर नुसता डोळा किलकिला केला.  मामीनं हात धरून सांगितलेलं वाक्य कानात वाजायला लागलं, आणि माझे कान तर कामातून गेलेले.

तेव्हा तुझं ऐकलं. आत शिरलो, दांडीएवढं डोकं आणायला गुडघ्यांवर बसलो आणि दार ओढून घेतलं. थप्प. कोंबड्या माझ्याकडे बघायला लागल्या, ही सातवी कोण आली म्हणून. आधी ऊब वाटली. मग डोळे झोंबले, घसा धरला, पाणी यायला लागलं. फुंकर, सवयीनं माझा हात भिंतीवर घंटा शोधायला गेला! मी त्या वासाला घरचा समजत होतो. ह्या बिचाऱ्या त्यात रात्र-रात्र बसत होत्या, आणि त्यांच्या हाताला घंटाही नव्हती.

बाहेर पडायला वळलो आणि कळलं की खटका फक्त बाहेरून आहे. कोल्ड स्टोरेजच्या प्रत्येक दाराला आतून सुटायची कळ असते, नसेल तर ते दार मी हातोड्यानं फोडलं असतं. पण कोंबडी काय दार उघडणार, म्हणून इथे बसवली नव्हती. आता काय करतोस? ओरडलो. पण भिंती कुणी बांधलेल्या! आवाज तसूभर बाहेर जाईना. शेवटी त्या दोन दळभद्री भोकांतल्या एका भोकाला तोंड लावून बोंब मारली. तेव्हा फाटकाशी आलेला पोस्टमन धावला. खुराड्यातून त्याच्या नावाचा पुकारा होतोय असं वाटून बिचारा पांढराफटक पडला होता. त्यानं दार उघडलं, मी रांगत बाहेर आलो, बाईसाहेब काखेत. त्यानं काही न विचारता माझ्या हातात तुझं पत्र ठेवलं आणि निघून गेला. गावभर झालं असेल एव्हाना, होऊ दे.

सहाही जणींना स्वयंपाकघरात आणलं. तिथे काय दशा झाली ते मामीला कळता कामा नये. मग करवत घेतली आणि माझ्याच भिंतीसमोर उभा राहिलो. चहा दोनदा गार झाला. अख्ख्या आयुष्यात मी दाराला भोक पाडलेलं नाही गं. पहिला घास करवतीनं घेतला तेव्हा मला दात काढल्यासारखं झालं. पण आतून जी कोंडलेली हवा भस्सकन तोंडावर आली, त्यानंतर हात थांबला नाही.

खालची दोन भोकं बुजवली, त्यात माझा हात कोण धरणार! वरची वाट तुझ्या मापानं काढली, जाळी ठोकली, झडपा बसवल्या. एक गोष्ट मात्र तुझ्या नकाशात नव्हती. तू लिहिलंस, दोन्ही बाजू एकदम बंद करायच्या नाहीत. अगं, लिहून माणूस ऐकतो थोडाच? मी स्वतः ऐकलं नसतं. म्हणून दोन्ही झडपा एका दांड्यानं जोडल्या. एक ओढून बंद केली की समोरची आपोआप पुरती उघडते. कुणी ठरवलं तरी दोन्ही एकदम मिटणार नाहीत. तुझ्या स्टेशनात आहे का असलं काही?

आणि आता मुख्य बातमी. दोन पिसं टांगली. दांडीपाशी आपलं जुनं कारखान्याचं पीस, गप्प. छपराखालचं हललं! नुसतं हललं नाही, डुलत होतं. मी पीस न हलल्यावर खूश होणारा माणूस, आणि आज एका हलत्या पिसाखाली उभा राहून एकटाच ओरडलो, "हललं, हललं!" कोंबड्या दचकल्या. काच कोरडी आहे. वास नाही. बाईसाहेब भुशात पाय खरवडतेय आणि इतरांना टोचतेय, म्हणजे बरी आहे.

तुझा मामा


२५ जानेवारी

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

पत्र उभ्यानंच वाचलं. तुम्ही आत अडकलात तिथे कागद घट्ट धरला, आणि पोस्टमनपाशी इतकी हसले की बाजूचा माणूस पाणी घेऊन आला.

तो दांडा! आमच्याकडे भिंतीवर पाटी आहे, 'दोन्ही झडपा एकाच वेळी बंद करू नयेत.' रोज कुणीतरी करतो आणि रोज मी ओरडते. तुमचं पत्र साहेबांपुढे ठेवलं. ते म्हणाले, हे कुणी सुचवलं? मी म्हटलं, माझ्या मामांनी, सहा कोंबड्यांसाठी. आता आमच्या झडपांनाही तसाच दांडा बसतोय. परवा तो बसवताना मी छाती काढून उभी होते. खुराड्यातली युक्ती रोज हजारो माणसांच्या डोक्यावरची हवा सांभाळणार आहे, मामा.

तुमची फुंकर


२० फेब्रुवारी

चि. फुंकर हिला मामीचा आशीर्वाद.

काठी टेकत का होईना, घरी आले. मला कुणी काही सांगितलं नव्हतं म्हणे. पोस्टमनच्या बायकोची चुलत बहीण माझ्या बहिणीच्या शेजारी राहते, त्यामुळे मला सगळं आधीच माहीत होतं. स्वयंपाकघराचंही. ओट्याखाली पिसं सापडलीच.

माझ्या पोरी सगळ्याच्या सगळ्या आहेत. बाईसाहेबच्या तुऱ्याचं टोक गेलं ते गेलंच, पण ऐट तीच आहे. ते जुनं फटींचं खोकं ह्यांना लाजिरवाणं वाटायचं. मी मुद्दामच फटी बुजवत नव्हते, कारण त्यात एकही कधी शिंकली नव्हती. पण मला विचारतंय कोण! असो. आता जे केलंय ते त्याहून कितीतरी बरं आहे. मी डोळे भरून बघितलं.

घरी येणाऱ्या प्रत्येकाची आता फरफट होते. आधी परसात चला, मग छपराखाली बघा. पीस हललं की हे म्हणतात, "माझ्या भाचीनं काढलेली वाट आहे ही. तिच्या हाताखाली आख्खं स्टेशन श्वास घेतं." दूधवाल्यानं हे तीनदा ऐकलंय. काल तो स्वतःच म्हणाला, हललं हो काका, चला आता दूध घ्या. तुझ्या तोंडावर हे कधी बोलणार नाहीत, म्हणून मी लिहितेय. तुझ्या त्या दांड्याचं पत्र तर खिशात घालून फिरतात.

आणखी एक. खुराडं दाखवतात, पण पुरं झालंय असं म्हणू देत नाहीत. मी विचारलं, आता काय राहिलं? तर मला दार दाखवलं. दारावर ह्यांचा त्रिकोण आहे. शेजारी दुसरी खूण होती, ती ह्यांनी रंधा मारून साफ काढून टाकलीय. तिथलं लाकूड नवं, पांढरं दिसतंय. म्हणाले, "तपासणाऱ्याची खूण मी मारली होती, ती खोटी होती. ज्यानं खरं तपासलं त्याची पडायचीय. ती पडत नाही तोवर हा माल कारखान्यातच आहे."

तेव्हा बाई, ये. तुझ्यावाचून माझ्या कोंबड्यांचं घर पुरं होत नाहीये.

तुझी मामी


२६ फेब्रुवारी

ती. मामांना आणि मामीला नमस्कार.

मामीचं पत्र वाचून फलाटावर, भर गर्दीत, रडले. तिथे वारा लागत नाही, त्यामुळे डोळे लवकर वाळले नाहीत.

शनिवारी येते. पण मामा, मला खूण नाही. आमच्या कामात कुणी खूण करत नाही, हवेवर कुठे कोरणार? काय कोरू तेवढं सांगा.

फुंकर


२ मार्च

चि. फुंकर,

कारागीर दुसऱ्या कारागिराला खूण सांगत नसतो. तुझी तू ठरव. छिन्नीला धार लावून ठेवलीय, दाराला आतून कळही बसवलीय. परत जाताना मी तुझ्याबरोबर येतो, तुझं स्टेशन बघायचंय. पीस खिशात घेतलंय.

तुझा मामा